दडविलेल्या ज्ञानाचा अडसर

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स ही संगणकप्रणाली आरंभिली, तेव्हा ती त्याच्याजवळ होत्या तशाच यंत्रसामग्रीवर चाले. पुढे हजारो हातांनी ती वाढविली. परंतु नव्या उपकरणास चालविणारा ‘ड्रायव्हर’ लिहावयाचा, तर त्याची अंतर्रचना ठाऊक हवी. ब्रॉडकॉम कंपनीने आपल्या वायफाय चिपांची माहिती गुप्त ठेविली. संगणक चाले, पण बिनतारी संपर्क जुळत नसे. तेव्हा काहींनी कंपनीच्याच ड्रायव्हरचे निरीक्षण करून चिपेचे वर्तन टिपले. इतरांनी केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर रचला. २००६ साली तो लिनक्समध्ये समाविष्ट झाला. २०१० साली कंपनीनेही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. अडसर बुद्धीच्या उणिवेचा नव्हताच. तो दडवून ठेविलेल्या ज्ञानाचा होता.