होतकरूंची पारख

भिलाईजवळच्या हथखोज येथे आज लोखंडकामाचे कारखाने दाटीने उभे आहेत. या साऱ्या परिसराचे भाग्य ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पालटले. त्या दिवशी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. येथील पोलादाचे रूळ देशभर गेले. पोलादाची परीक्षा कशी होते, हे येथल्या कोणाही कामगारास ठाऊक असते. मालातून एक तुकडा कापून घ्यावयाचा, यंत्रात अडकवावयाचा आणि तुटेपर्यंत ताणावयाचा. तो किती भारास तुटला, यावरून बाकीच्या मालाची ग्वाही मिळते.

माणसाची परीक्षा अशी घेता येत नाही. एकवीस वर्षांच्या तरुणाचा नमुना कापून ठेवता येत नाही, आणि तो तुटेपर्यंत ताणला तर मग निवडावयाचे कोणास? म्हणूनच होतकरूंची पारख हे शास्त्र न राहता जोखीम होऊन बसते. खेळाच्या इतिहासात ही जोखीम फार स्पष्ट दिसते.

अमेरिकेतील फुटबॉलचा खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. तेथे धंदेवाईक संघ महाविद्यालयांतील खेळाडूंना दरवर्षी ओळीने निवडून घेतात आणि आदल्या वर्षी सर्वांत मागे राहिलेल्या संघास निवडीचा पहिला मान मिळतो. ही प्रथा १९३६ साली सुरू झाली. त्या वर्षी पहिला निवडला गेलेला जे बर्वँगर हा तरुण धंदेवाईक मैदानावर कधी उतरलाच नाही! या खेळात चाल चालवणाऱ्या गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात, आणि पारख्यांची खरी कसोटी त्याच्याच निवडीत लागते. १९९८ साली पेटन मॅनिंग थोर की रायन लीफ, यावर जाणत्यांत वाद माजला होता. मॅनिंग पहिला निवडला गेला व थोर ठरला. दुसरा निवडला गेलेला लीफ काही वर्षांतच मैदानाबाहेर गेला. पुढे २००० साली १९८ खेळाडू निवडून झाल्यावर टॉम ब्रॅडी या मंद धावणाऱ्या तरुणाचे नाव पुकारले गेले. त्याने सात अजिंक्यपदे मिळवली. पारख्यांनी पायांचा वेग मोजला होता. संकटकाळी चित्त स्थिर ठेवण्याची शक्ती मोजण्याचे घड्याळ त्यांच्यापाशी नव्हते.

आपल्याकडे याचे नाते क्रिकेटशी जुळते. मुंबईत शाळकरी मुलांसाठी हॅरिस ढाल, विद्यापीठांसाठी १९३५ पासून रोहिंटन बारिया करंडक, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग, अशा एकामागून एक चाळण्या उभ्या राहिल्या. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी थबकतो. तेथे टिकणारा फलंदाज कोठेही टिकेल, हा मुंबईचा विश्वास अनुभवातून आलेला होता.

सुनील गावसकर हा महाविद्यालयीन तरुण म्हैसूरविरुद्ध रणजी करंडकाचा पहिला सामना खेळला आणि शून्यावर बाद झाला. त्याचे मामा माधव मंत्री निवड समितीवर होते. साहजिकच, भाचा म्हणून घेतला, अशी कुजबुज झाली. एका डावावरून निकाल द्यावयाचा असता, तर ही गोष्ट येथेच संपली असती. परंतु त्याला दुसरी संधी मिळाली, आणि राजस्थानविरुद्ध त्याने शतक काढले. पुढे विद्यापीठाच्या सामन्यात त्याने ३२७ धावा केल्या.

त्या काळी भारतीय निवड समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. तरुणांना घ्यावयाचे, हे त्यांचे धोरण होते. १९६९ साली कानपूरला गुंडाप्पा विश्वनाथ पहिल्या कसोटीच्या पहिल्या डावात शून्यावर बाद झाला, आणि दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा काढल्या. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना मते सारखी पडली, तेव्हा मर्चंट यांनी आपले निर्णायक मत पतौडींऐवजी अजित वाडेकर यांच्या पारड्यात टाकले. ज्याने १९५८ साली रणजीत पदार्पण केले, त्या वाडेकरांना पहिल्या कसोटीसाठी १९६६ पर्यंत वाट पाहावी लागली होती! त्या दौऱ्यात गावसकर बोटाच्या दुखण्यामुळे पहिल्या कसोटीस मुकला. उरलेल्या चार कसोट्यांत त्याने ७७४ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका प्रथमच जिंकली.

परंतु केवळ यशाच्या कथा सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पारख चुकते ती कधी अज्ञानाने, आणि कधी डोळ्यांवर बांधलेल्या पट्टीने. पुण्याच्या मैदानावर गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणारा पालवणकर बाळू हा चर्मकार समाजातील तरुण. त्याचा गुण कोणास दिसत नव्हता असे नाही. त्याला संघात घेतले, पण चहा वेगळ्या भांड्यात दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नेतृत्व त्याला कधी लाभले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाले, आणि संघ चौरंगी स्पर्धेत विजयी झाला. पोलादाचा कस लावताना ते कोणत्या खाणीतले, हे कोणी विचारीत नाही. माणसाला मात्र आपण प्रथम तेच विचारीत आलो.

आणि काहींच्या बाबतीत पारख अचूक होऊनही जागाच नसते. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. परंतु बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्यामुळे त्यांना एकही कसोटी लाभली नाही. अमोल मुझुमदारने रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा केल्या आणि प्रथम दर्जाच्या सामन्यांत एकूण अकरा हजारांहून अधिक. तोही भारताकडून खेळला नाही. मात्र २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक मुझुमदारच होते. ज्याला निवडकर्त्यांनी बाहेर ठेवले, त्याच्याच हाती इतरांचे गुण फुलवण्याचे काम आले.

निवड करणाऱ्याने म्हणूनच दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका शून्यावरून माणूस मोडीत काढू नये. आणि ज्याला आज आपण नाकारतो, त्याच्या वाट्यास आलेले दुःख आपल्या निर्णयाचा भाग आहे, हे विसरू नये. कारखान्यात नापास झालेले पोलाद पुन्हा भट्टीत घालता येते. माणसाची गेलेली वर्षे मात्र परत वितळवता येत नाहीत.