आंब्याच्या कोयीची हनुवटी

प्लास्टरचा पुतळा दमत नाही, हलत नाही, मजुरी मागत नाही. 1857मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थ्यांनी मनुष्याकृती गिरवली ती आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या अशा प्रतिकृतींवरून. 1872पासून जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. तिथे वेगळ्या घडणीची शरीरं भेटली, पण काम नकला करण्याचंच होतं. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1919च्या सुमारास नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग सुरू केला. आता समोरचं शरीर श्वास घेत होतं, अवघडत होतं. चित्राखाली सही मात्र चित्रकाराचीच राहिली.

त्याआधी, 1914मध्ये, कलकत्त्यात अवनींद्रनाथ टागोरांची भारतीय शरीररचनेवरची छोटी पुस्तिका इंग्रजीत निघाली. बंगालीतून अनुवाद सुकुमार राय यांचा. आकृत्या त्यांचे शिष्य नंदलाल बोस आणि म्हैसूर संस्थानातून शिकायला आलेले के. वेंकटप्पा यांच्या. मापासाठी शिल्पशास्त्रातला ताल: एक ताल म्हणजे 12 अंगुळं, चेहऱ्याएवढी लांबी, नवताल मूर्ती 108 अंगुळांची. आकारासाठी परसदार आणि गोठा: हनुवटी आंब्याच्या कोयीसारखी, गळा शंखासारखा, नाक तिळाच्या फुलासारखं, बोटं शेंगांसारखी, पुरुषाचं धड गाईच्या मुखासारखं.

बेंगळुरूत कस्तुरबा रोडवर वेंकटप्पांच्या नावाचं कलादालन आहे. उटी-कोडाईकनालचे डोंगर त्यांनी जलरंगात बारकाईने रंगवले. डोंगर इतका न्याहाळणाऱ्या माणसाने शरीरासाठी कोय आणि शंख का काढावेत, हे मला कोडंच वाटे. ते सुटलं अनुवादाच्या टेबलावर. शब्दकोश नेमका अर्थ देतो. घरातली उपमा ऐकणाऱ्याची आठवण कामाला लावते. ज्याने कोय चोखली आहे, त्याच्या हाताला ती गोलाई आधीच ठाऊक असते. ग्रीक हनुवटी त्याला परक्या भाषेसारखी पाठ करावी लागते.

तरी कोयीच्याही मर्यादा आहेत. तिच्यावरून काढलेली हनुवटी सगळ्यांची सारखीच. तासभर एका जागी बसून पाठ भरून आलेल्या बाईचं अवघडलेपण कुठल्याच उपमेत सापडत नाही. नियम कलावंताच्या पायातली बेडी होऊ नयेत, असं अवनींद्रनाथांनीही बजावलं होतं. कोयीवरून हनुवटी जमते. ती कोणाची, हे समोरच्या माणसाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.