हेलसिंकीनंतरचे खाशाबा

मल्लाचा उत्कर्ष सारा गाव पाहतो. त्याचा उतरता काळ मात्र सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे चरित्र या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, लाल मातीत घडलेला हा तरुण गादीवरच्या कुस्तीत सहावा आला. आरंभ आशादायक होता. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून या विश्वासाचे चीज केले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते ऋण फेडले.

त्या वेळी ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. परंतु गुडघा दुखावला आणि १९५६ च्या मेलबर्नची वाट बंद झाली. त्याआधीच, १९५५ मध्ये, ते पोलीस खात्यात फौजदार झाले होते. पुढे सारे आयुष्य नोकरीत गेले. १९८४ मध्ये अपघाताने त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार लाभला तो मरणोत्तर.

हा ऱ्हास केवळ त्यांचा म्हणता येईल काय? मल्लाला पाठविण्यासाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते, तेथे जायबंदी मल्लाला पुन्हा उभे कोणी करावे? पुढचे वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल उजाडले. ती चव्वेचाळीस वर्षे या प्रश्नाचेच उत्तर आहेत.