कटॉबा येथील मिश्र इंधन आणि पर्यावरण-परीक्षण

अमेरिकेच्या अणुभट्टीविषयक नियमांत इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइड आणि त्याची नळी म्हणजे झिर्कलॉय किंवा झिर्लो, असे पदार्थ नावानिशी गृहीत धरलेले होते. त्यामुळे दक्षिण कॅरोलायनातील कटॉबा केंद्रात युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडचे ४ इंधनसंच चाचणीसाठी वापरण्याकरिता ड्यूक कंपनीने २००३ मध्ये अर्ज केला, तेव्हा नियमांतून सूटही मागावी लागली. १९६९च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार अणु नियामक आयोगाने परीक्षण करून २००४ मध्ये 'लक्षणीय परिणाम नाही' असा निष्कर्ष नोंदवला. भट्टीतील १९३ संचांपैकी ४च बदलणार होते. भट्टीपुरता तो निष्कर्ष समजण्याजोगा आहे. परंतु हे प्लुटोनियम अण्वस्त्रांच्या साठ्यातले होते. संचनिर्मितीसाठी ते समुद्रमार्गे फ्रान्सला जाऊन परत आले आणि त्या प्रवासाचा विचार ऊर्जा खात्याच्या निराळ्या कागदपत्रांत झाला. एकच साखळी अशी दोन दप्तरांत विभागली गेली. स्थानिक पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली, तरी २००५ मध्ये संच भट्टीत गेले. २००८ मध्ये मात्र तीनऐवजी दोनच आवर्तनांनंतर ते काढावे लागले. त्यांची लांबी अपेक्षेपेक्षा अधिक वाढली होती. अशा इंधनासाठी सॅव्हाना रिव्हर येथे उभारला जात असलेला कारखाना २०१८ मध्ये अर्धवटच सोडण्यात आला.