रात्री दिसलेला दिवा ड्रोनच आहे का? रेडिओ सिग्नलवरून असा लागतो माग

कामण (ता. वसई) : रात्री कामणदुर्गाच्या बाजूला आकाशात दिवा हलताना दिसला, तर ते ड्रोन की मुंबईला उतरणारं विमान, हे नुसत्या डोळ्यांनी ठामपणे सांगता येत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात रात्रीच्या ड्रोनमुळे लोक धास्तावले होते. चोरटे टेहळणी करतात, अशी चर्चा गावोगाव पसरली होती. ड्रोनचा खात्रीचा माग मात्र दिव्यावरून नाही, त्याच्या रेडिओ सिग्नलवरून लागतो.

सिग्नल कसला?
ड्रोन उडवणाऱ्याच्या हातात रिमोट असतो. रिमोटकडून ड्रोनला हुकूम जातो आणि ड्रोनकडून कॅमेऱ्याचं चित्र परत येतं. हे बहुतेक वेळा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. घरातला वायफायही याच लहरी वापरतो.

यंत्र काय करतं?
ड्रोन शोधणारं यंत्र स्वतः काही सोडत नाही, फक्त ऐकतं. वायफायच्या गर्दीतून ड्रोनच्या सिग्नलची ठेवण ते ओळखतं. दोन-तीन ठिकाणी अँटेना लावले, तर प्रत्येकाने दाखवलेल्या दिशा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ड्रोन असतो. रिमोटही सिग्नल सोडतो, त्यामुळे उडवणारा माणूसही सापडू शकतो. डीजेआय कंपनीच्या अनेक ड्रोनच्या सिग्नलमध्ये तर उडवणारा कुठे उभा आहे, हेही असतं.

कुठे अडतं?
• मधे डोंगर किंवा इमारत आली की सिग्नल कमी पडतो. तुंगारेश्वरच्या डोंगराआडचा ड्रोन पलीकडच्या अँटेनाला ऐकू येईलच असं नाही.
• आधी रस्ता भरून दिलेला ड्रोन रिमोटशिवाय उडू शकतो.
• युक्रेनच्या युद्धात तर बारीक फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन वापरले गेले. त्यांचा रेडिओ सिग्नलच नसतो.

मोबाईलवर कळेल का?
अमेरिकेत नोंदणी लागणाऱ्या ड्रोनला ब्लूटूथ किंवा वायफायवरून स्वतःची ओळख सांगावी लागते. ती साध्या ॲपवर दिसते. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत असा ट्रॅकर पुढे बंधनकारक करण्याची तरतूद आहे. म्हणून ॲपवर काही दिसलं नाही याचा अर्थ ड्रोन नाही असा होत नाही, आणि वायफायचं अनोळखी नाव दिसलं म्हणजे ड्रोन आहे असंही नाही.

गावकऱ्यांनी काय करायचं?
• वेळ, दिशा, आवाज, दिव्याचा रंग लिहून ठेवा. जमलं तर व्हिडिओ काढा.
• ११२ वर फोन करा. कामण मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं.
• दगड मारू नका. ड्रोन मोजणीचा किंवा फवारणीचाही असू शकतो, आणि पडलेल्या ड्रोनची बॅटरी पेट घेऊ शकते.
• जॅमर विकत घेऊ नका. खासगी माणसाला तो वापरायची परवानगी नाही.
• खात्री नसलेला व्हिडिओ ग्रुपवर पुढे पाठवू नका.

शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्याने तरी विसरू नये. १६ एप्रिल २०२० ला डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. दिवा कुणाचा होता, हे पोलीस नंतरही शोधू शकतात. गेलेला जीव परत येत नाही.