बंदुकीचे आटे आणि देशी शिपाई : गोळीच्या स्थैर्याच्या इतिहासातील एक प्रकरण

नांदेडहून वारंगा फाट्यावरून हिंगोलीस जाणाऱ्या अभ्यासकास हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ही छावणी 1903 पर्यंत हिंगोलीस होती. अशा छावण्यांच्या इतिहासात पलटणींची नावे, अधिकारी व मोहिमा यांची नोंद विपुल सापडते. शिपायाच्या हातातील बंदुकीची नळी आतून कशी होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो प्रश्न किती मोलाचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

गुळगुळीत नळीतून सुटलेली वाटोळी गोळी नळीच्या भिंतीवर आपटत बाहेर पडते व कोणत्याही अनिश्चित दिशेने स्वतःभोवती फिरू लागते. या फिरण्यामुळे हवेचा दाब दोन्ही बाजूंस असमान होतो आणि गोळी मार्ग सोडते. बेंजामिन रॉबिन्स याने 1742 मध्ये हे ओळखले होते. माग्नुस याने 1852 मध्ये त्याचे प्रायोगिक विवेचन केले. नळीत आटे पाडले असता भ्रमणाचा अक्ष निश्चित होतो व गोळी लांबट करणे शक्य होते. लांबट गोळीत वाऱ्याच्या दाबाचे केंद्र सामान्यतः गुरुत्वमध्याच्या पुढे असल्याने ती उलटण्यास प्रवृत्त होते; वेगवान भ्रमण तिला भोवऱ्याप्रमाणे सावरून धरते. सारांश, पल्ला व अचूकता ही आट्यांची देणगी होय.

1853 च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीत तीन आटे असून त्यांचा एक फेरा 78 इंचांत पुरा होत असे. 1857 च्या उठावाच्या संदर्भात या रायफलीच्या काडतुसावरील चरबीची चर्चा सर्वश्रुत आहे. त्यानंतर जे घडले ते मात्र अधिक उद्बोधक आहे. देशी पलटणींसाठी त्याच घाटाच्या, परंतु आटे नसलेल्या, .656 इंच व्यासाच्या गुळगुळीत बंदुका तयार करण्यात आल्या. बाह्यरूप तेच राहिले, स्थैर्य तेवढे काढून घेतले गेले. गोऱ्या सैनिकांच्या तुलनेत देशी सैनिक एका पिढीने मागे ठेवण्याचा क्रम पुढेही चालू राहिला. 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली गेली, तथापि देशी पलटणी 1878-80 च्या अफगाण युद्धात स्नायडर घेऊनच लढल्या.

याच काळात शास्त्रही प्रगत होत होते. ग्रीनहिल याने 1879 मध्ये एक सोपा नियम मांडला : 150 या संख्येस गोळीच्या व्यासपटींतील लांबीने भागले असता आट्यांचा आवश्यक फेरा व्यासपटींत मिळतो. .303 मार्क सात ही टोकदार गोळी 1910 मध्ये प्रचारात आली. तिचा व्यास .311 इंच व लांबी सुमारे 1.28 इंच, म्हणजे व्यासाच्या 4.1 पट; यावरून फेरा सुमारे 11.4 इंच येतो. प्रत्यक्षात ली-एन्फील्डचा फेरा 10 इंच होता, म्हणजे भ्रमण पुरेसे होते. या गोळीच्या टोकात शिशाऐवजी अल्युमिनियमसारखा हलका पदार्थ घालीत. त्यामुळे वजन न वाढता आकार निमुळता व लांब ठेवता आला, परंतु गुरुत्वमध्य मागे सरकला. म्हणजे वातरोध कमी करण्याचे मोल स्थैर्यास द्यावे लागले, आणि ते भ्रमणाने भरून काढले गेले.

महाराष्ट्रात या विद्येचे हात आधी आले, बुद्धी नंतर. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. तेथे परकीय आराखड्यांनुसार काडतुसे घडत. पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था मात्र 1958 ची आहे, आणि 5.56 मिलिमीटरची इन्सास रायफल तिचीच निर्मिती होय. नळी, गोळी व आटे यांचा परस्परमेळ येथेच ठरविण्याचा अधिकार आपल्याला एवढ्या उशिरा लाभला.

यावरून एक निष्कर्ष निघतो. आट्यांचे गणित सर्वांस सारखेच असले, तरी त्याचा लाभ कोणास द्यावयाचा हे सत्ता ठरवीत होती. म्हणून छावण्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने हजेरीपटाबरोबर शस्त्रागाराची नोंदवहीही तपासली पाहिजे.