नामदेवांची तुपाची वाटी आणि कुत्र्याचं पोट

या विकांताचा विषय आहे एक कुत्रं. त्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. नामदेव महाराज जेवायला बसतात, कुत्रं येतं आणि भाकरी तोंडात धरून पळतं. (कुणी पोळी म्हणतं. आमच्या मराठवाड्यात सांगताना ती भाकरीच असते.) नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. अरे थांब, कोरडी खाऊ नकोस, पोटात दुखेल, तूप तरी लावून घे!

कीर्तनकार इथे थांबून सांगतात की कुत्र्याच्या रूपात साक्षात पांडुरंग आला होता, आणि सर्वांभूती परमेश्वर कसा बघावा ते यातून शिकावं. ते बरोबरच आहे. पण या गोष्टीतलं मला सगळ्यात नवलाचं वाटतं ते वेगळंच. भाकरी गेली याचं दुःख नाही, कुत्र्याला हाकलणं नाही, आणि "खाऊ दे बिचाऱ्याला" असं म्हणून सोडून देणंही नाही. त्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा, की याला हे पचेल का? आपल्याकडच्या कुत्र्यांच्या इतिहासात हा प्रश्न फार कमी वेळा विचारला गेलाय. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल.

आधी थोडा भूगोल. नर्सी हे गाव हिंगोलीपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, कयाधू नदीच्या काठी आहे. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते हिंगोली जिल्ह्यात. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० चा आणि नर्सीचा. (जन्मगाव पंढरपूरच, असं मानणारेही अभ्यासक आहेत. तो वाद मोठा आहे, आज नको.) त्यांचे गुरू विसोबा खेचर, आणि दोघांची भेट औंढा नागनाथच्या देवळात झाली असं सांगतात. तेही याच जिल्ह्यात. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, नामदेव म्हणाले पाय काढा, विसोबा म्हणाले जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. बऱ्याच सांगण्यांत कुत्र्याची गोष्ट या भेटीनंतर येते. म्हणजे औंढ्याला जो धडा मिळाला, त्याची ही प्रात्यक्षिक परीक्षा, असं म्हणा ना.

आता ही घटना खरंच घडली का? इतिहास म्हणून याचं उत्तर देता येत नाही. संतांच्या अशा कितीतरी कथा मराठी घरांत पोचल्या त्या महिपतीबुवा ताहराबादकरांच्या 'भक्तविजया'मार्गे, आणि तो ग्रंथ १७६२ चा. नामदेव आणि महिपती यांच्यात चारशे वर्षांचं अंतर आहे. नामदेवांचं नाव तोवर पंजाबपर्यंत जाऊन रुजलं होतं. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि पंजाबातल्या ज्या घुमान गावाशी त्यांचं नाव जोडलं जातं तिथे २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनही झालं. पण घडली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. इतक्या पिढ्यांनी ही कथा सांगायची ठरवली, आणि सांगताना तुपाची वाटी गाळली नाही. हा इतिहासच आहे.

शेजारी एक दुसरं चित्र ठेवून बघा. नामदेवांच्या सुमारे १४० वर्षं आधी, ११२९ च्या आसपास, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. जुन्या मराठीचे काही तुकडे त्यात सापडतात म्हणून आपल्याला तो माहीत असतो. राजाने काय खावं, काय ल्यावं, कसं खेळावं याचा तो कोशच आहे, आणि त्यात शिकारी कुत्र्यांवरही स्वतंत्र भाग आहे. म्हणजे दख्खनमध्ये कुत्र्यांविषयी जाणकारी नव्हती असं अजिबात नाही. होती, पण ती राजाच्या कुत्र्यांची. घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद अशी शास्त्रं झाली, कारण घोडा आणि हत्ती लढाईला लागतात. गल्लीतल्या कुत्र्याच्या पोटाला शास्त्र कशाला लागतंय?

गल्लीतल्या कुत्र्याच्या वाट्याला दोन टोकं आली. एकीकडे ते अपवित्र. दुसरीकडे खंडोबाजवळ कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री, युधिष्ठिरासोबत स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलं कुत्रं. नैवेद्यात गाय आणि कावळ्याबरोबर त्याचाही घास. एक तर दगड, नाहीतर नमस्कार! आणि दोन्हीत त्याच्या पोटात काय चाललंय याची चौकशी नाही.

इंग्रजांच्या काळात वाद आणखी सरळ झाला, मारायचं की नाही मारायचं. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत यावरून दंगल झाली. भटकी कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभाने पाळलेल्या कुत्र्यांवरही हात पडायला लागला, आणि पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतही त्याचं स्थान आहे. बाजार बंद पडले, किल्ल्यातल्या गोऱ्या शिपायांची रसद अडली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. जीव वाचवायला हक्काची जागा झाली, ही मोठीच गोष्ट. पण वाचवलेल्या जिवाचं पुढे काय, खायला काय, रात्री कळवळला तर काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी वेगळा सोडवावा लागतो. आणि तो बहुधा एकट्याने.

हे मी इतकं तावातावाने लिहितोय याचं कारण सांगून टाकतो. दिवाळीपासून आमच्याकडे ठमी नावाची कुत्री आहे, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला सापडलेली. पहिले तीन आठवडे तिचं पोट एकदाही धड नव्हतं. रात्री बारा, दोन, सव्वाचार. दाराशी नखांचा आवाज आला की उठायचं, टॉर्च घ्यायचा, बाहेर जायचं. सकाळी नऊला कामाचा कॉल आणि डोळ्यांत कुसळं. वारकरी एकादशीला जागर करतात, आमच्याकडे तो रोज चालू होता :) शेजारच्या काकू प्रेमाने वाटीभर दूध-भाकरी घेऊन यायच्या आणि आई म्हणायची, "अरे, दूध राहू दे, मऊ भात कर तिला." आईचं बरोबर निघालं, आणि का ते शोधताना मला परत नामदेवांची भाकरी भेटली.

तर म्हणजे बघा, लांडग्याला भाकरी नीट पचत नाही, कुत्र्याला पचते. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी लांडगे आणि कुत्रे यांचे जीनोम ताडून बघितले. पिष्ट पचवणारं अमायलेज नावाचं विकर बनवायची सूचना ज्या जनुकात असते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती होत्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. पुढे जुन्या हाडांतला डीएनए तपासल्यावर दिसलं की युरोपात हा बदल निदान सात हजार वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. माणूस शेती करायला लागला, उष्टं-खरकटं धान्याचं झालं, आणि ते खाऊन जी जगली तीच आजच्या कुत्र्यांची पूर्वज. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एकच फंक्शन कॉपी-पेस्ट करून करून प्रोसेसिंग वाढवलं! म्हणजे नामदेवांच्या भाकरीवर झडप घालणारं ते कुत्रं चोर नव्हतं, हजारो वर्षांच्या जुन्या हिशेबातलं आपलं येणं वसूल करत होतं.

दुधाचं मात्र असं झालं नाही. दुधातली साखर फोडायला लॅक्टेज लागतं, आणि पिल्लू मोठं होऊ लागलं की ते कमी होत जातं. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाला आपण पहिली गोष्ट काय देतो? बशीभर दूध. उपाशी पोट, त्यात जंत, त्यात गाईचं दूध. मग रात्रभर कुणी झोपत नाही. भाजीतला कांदा-लसूणही त्याला चालत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि तूप? नामदेवांची क्षमा मागून सांगावं लागतं की आजचा पशुवैद्य वाटी हातातून काढून घेईल. बिघडलेल्या पोटावर एकदम एवढी चरबी गेली तर जुलाब वाढतात, कधी स्वादुपिंडाला सूज येते आणि जिवावर बेततं. पण यात नामदेव चुकले असं मी म्हणणार नाही. याला पचेल का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्यांच्या काळाच्या समजुतीप्रमाणे उत्तर हातात घेऊन धावले. प्रश्न तोच ठेवून उत्तर बदलायचं, एवढंच आपलं काम. आज वाटीत मऊ भात आणि थोडं बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन असेल. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि सोबत जंताचं औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं.

एक गोष्ट मात्र भाताने बरी होत नाही, आणि तिचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. १९७८ च्या सुमारास जगभर एका नव्या रोगाने कुत्री मरायला लागली, पार्वोने. मांजरांच्या एका विषाणूच्या जवळचा हा विषाणू कुत्र्यांत शिरला आणि दोन-एक वर्षांत खंड ओलांडून गेला. लस लवकरच निघाली, पण लस न टोचलेल्या पिल्लांना तो आजही गाठतो, बहुधा दीड ते सहा महिन्यांच्या वयात. उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब, अंगातलं पाणी भराभर कमी होणं. अशा वेळी घरचे उपाय करत सकाळची वाट बघू नये, सलाईन लागतं. मातीत हा विषाणू महिनोन्महिने टिकतो आणि फिनेलला फारशी दाद देत नाही, फरशीला ब्लीच लागतं. लस सहा ते आठ आठवड्यांची असताना सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची वेगळी. ती तर आपल्यासाठीही.

आता हे सगळं आज का? भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करायचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नवे झाले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण पेटलं. ११ ऑगस्टचा दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश २२ ऑगस्टला बदलला गेला. त्या बदललेल्या आदेशातलं एक वाक्य चर्चेत मागे पडलं. कुणाला कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर अर्ज करता येईल, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. कुत्री चावतात, लहान मुलं दगावतात, हे खोटं नाही, आणि त्याचा राग येणंही साहजिक आहे. पण दत्तक घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर कधी जातं? माझा अंदाज असा, की ते भुंकण्यामुळे कमी आणि पहिल्या महिन्यातल्या जुलाबांमुळे जास्त जातं. घाण, वास, जागरण, घरच्यांची बोलणी. "आधीच सांगितलं होतं, सोडून ये त्याला." आणि सोडून आलेलं कुत्रं आधीपेक्षा जास्त घाबरलेलं असतं.

त्यामुळे कुणी पिल्लू घरी आणायचं म्हणत असेल तर त्याला कौतुकाबरोबर हेही सांगावं. पहिला महिना झोप धरू नका. दूध नको, तूप नको, मऊ भात चालेल. पहिल्याच आठवड्यात शेण तपासायला द्या. (कुत्र्याच्या शीला लॅबवाले शेणच म्हणतात, दचकू नका.) हिंगोलीकरांना मोठ्या दुखण्याला परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे. रात्री किती वेळा, कसं, काय खाल्ल्यावर, हे कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो, कारण पेशंट स्वतः काही सांगत नाही.

ठमीचं पोट चौथ्या आठवड्यात थाऱ्यावर आलं. जंत होते, दुसरं काही नव्हतं. अजूनही ती पहाटे साडेचारला उठवते, पण आता ते पोटासाठी नसतं. बाहेर दूधवाला जातो, त्याच्यावर भुंकायचं असतं.

असो. पुढच्या विकांताला औंढ्याच्या देवळाबद्दल लिहायचा विचार आहे. झोप झाली तर.